क्रमांक छापा, पण मोजणीही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानचे निवृत्त फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता यांचा लोकप्रियतेतील क्रमांक सांगणारी चौकट आपल्या क्रीडा पानावर वाचली. क्रमांक ठळक छापला होता; मते कोणाची घेतली, किती जणांची आणि कोणत्या काळात, याचा मात्र तीत उल्लेख नव्हता.

नाकाता २००६च्या विश्वचषकानंतर वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी निवृत्त झाले आणि पुढे जपानच्या पारंपरिक साके मद्याच्या प्रसारात रमले. आज त्यांना मत देणाऱ्या तरुणाने त्यांचा खेळ पाहिला असेलच असे नाही. मला आठवतो तो विश्वचषकातील १४ जून २००२चा ट्युनिशियाविरुद्धचा सामना. तो आपल्याकडे दुपारी १२ वाजता सुरू झाला होता, आणि लोअर परळच्या आमच्या कचेरीतील चौघांनी जेवणाची सुट्टी लांबवल्यामुळेच ७५व्या मिनिटाचा नाकातांचा हेडर आम्हाला पाहता आला. (साहेबांनी त्याबद्दल जे ऐकवले ते येथे नको.)

खेळाडूचे मोल आणि त्याचा गाजावाजा यांतील अंतर त्यांच्याच कारकिर्दीत दिसते. २०००-०१च्या हंगामात युरोपीय संघाबाहेरील खेळाडूंवरील मर्यादेमुळे त्यांना इटलीच्या रोमा क्लबकडून अनेकदा बाहेर बसावे लागले. ती मर्यादा उठताच ६ मे २००१ रोजी, युव्हेंटसविरुद्ध रोमा ०-२ने मागे असताना, प्रशिक्षक कापेलो यांनी चक्क कर्णधार टोट्टींना बाहेर बोलावून नाकातांना उतरवले. नाकातांनी लांबून एक गोल केला आणि त्यांचाच दुसरा फटका गोलरक्षकाच्या हातून सुटल्यावर सहकारी माँतेल्ला यांनी बरोबरी साधली. रोमाने त्या हंगामाचे इटालियन लीगचे विजेतेपद युव्हेंटसपेक्षा केवळ दोन गुण अधिक मिळवून जिंकले, हे पाहता त्या अर्ध्या तासाची किंमत मतांच्या बेरजेत कशी मांडणार?

शिवाय अशा याद्यांत जुन्यांवर अन्याय होतो. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये सात गोल करून जपानला कांस्यपदक मिळवून देणारे कुनिशिगे कामामोतो आजच्या मतदाराला ठाऊक तरी असतील का? २०११चा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधार होमारे सावा यांना तर ‘फुटबॉलपटू’ म्हटल्यावर आपण मुळात मोजतच नाही.

तेव्हा यापुढे असा क्रमांक छापताना मतदानाची पद्धत, मतदारांची संख्या आणि कालावधी सोबत द्यावा, एवढीच विनंती. आणि कधी मुंबईकर वाचकांचाच कौल घेतलात, तर यादीत अराता इझुमी यांचे नाव अवश्य ठेवावे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि नंतर पुणे एफसीकडून खेळलेल्या या जपानी खेळाडूने पुढे भारतीय नागरिकत्व घेतले आणि २०१३मध्ये तो भारताच्या संघातून मैदानात उतरला. माझे मत त्याला.

आपला,
एक वाचक, माटुंगा, मुंबई