रुतलेल्या नखाबद्दल, जरा सविस्तर

प्रिय अभय,

तुझं पत्र वाचलं. पायाचा अंगठा पुन्हा सुजलाय, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, आणि तू परत नेलकटर घेऊन नखाचा कोपरा खोलवर कापलास. हे वाचून जीव कळवळला, म्हणून लगेच लिहायला बसलो. या दुखण्यातून मीही गेलोय. त्यामुळे तुला जे सांगतोय ते अंगठ्यावर सोसलेलं आहे, आणि डॉक्टरांकडून खोदून खोदून विचारून घेतलेलं आहे.

आधी एकच कर, तो कोपरा कापणं थांबव. कापल्यावर बरं वाटतं, हे मला माहीत आहे. रुतणारं टोक तेवढ्यापुरतं जातं, ठणका उतरतो आणि आपल्याला वाटतं सुटलो. पण नेलकटरचं पातं नखाच्या कडेला शेवटपर्यंत पोचत नाही. आत, कातडीच्या घडीखाली, नखाचं एक अणकुचीदार कुसळ शिल्लक राहतं. नख वाढतं तसं तेच कुसळ पुढे सरकत मांसात घुसतं. शिवाय कोपरा नसल्यामुळे बाजूची मऊ कातडी वर येऊन त्याच्या वाटेतच बसते. पायात काटा मोडल्यावर शरीर जसं वागतं तसंच इथे वागतं: आधी लाली आणि सूज, मग पू, आणि तरीही कुसळ निघालं नाही की लालभडक, ओलसर मांस वर येतं. नुसता मोजा घासला तरी त्यातून रक्त येतं. तू लिहिलेला तो ‘लाल दाणा’ म्हणजे हेच वाढलेलं मांस असावं, तरी डॉक्टरांना ते नीट दाखव.

अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करूनही अंगठा परत का चिघळला, हे तू विचारलं आहेस. कारण टोचणारी कड अजून आतच आहे. ती निघाली की बहुतेकांचा जंतुसंसर्ग आपोआप ओसरतो. ती तिथेच राहिली, तर गोळ्यांनी चार दिवस उतार पडतो आणि दुखणं पुन्हा मूळपदावर येतं. आणि नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, असं तुला कुणी सांगितलंय, ते सोडून दे. नख तयार होतं ते मुळाशी, कातडीखाली. पुढच्या टोकाला आपण काय कोरलंय याचा त्या मुळाला पत्ताही नसतो.

सुरुवातीलाच लक्ष गेलं असतं तर घरच्या घरी भागलं असतं. कोमट पाण्यात १०-२० मिनिटं पाय बुडवून ठेवायचा, दिवसातून तीन-चार वेळा. मग बोट नीट कोरडं करायचं, आणि नख मऊ असतानाच कापसाची अगदी बारीक वात किंवा दात साफ करायचा दोरा कडेखाली सरकवायचा, म्हणजे नख मांसावरून बाहेर वाढतं. वात रोज बदलायची. बाजूची कातडी नखापासून दूर ओढून चिकटपट्टी लावली तरी दाब कमी होतो. सोबत पुढून रुंद जोडे. नुसती लाली आणि दुखरेपणा असेल तर एवढ्यानं बऱ्याच जणांचं काम होतं. पण पू झालाय, मांस वर आलंय आणि हे सगळं पुन्हा पुन्हा होतंय, तेव्हा तुझं प्रकरण याच्या पुढे गेलंय. आणखी एक: तुमच्या घरात मधुमेह आहे, तर तुझी साखर तपासून घे. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर नखाच्या बाबतीत घरी काहीच करून बघायचं नसतं, थेट डॉक्टर गाठायचा.

आता तुला ज्याची धास्ती वाटतेय त्याबद्दल. ‘नख उपटतात’ हे शब्द डोक्यातून काढून टाक. सहसा पूर्ण नख काढत नाहीत. काढलं तरी ते पुन्हा उगवतं आणि अनेकदा पुन्हा रुततं, वर महिनोन्‌महिने अंगठा उघडा राहतो. काढतात ती रुतलेल्या बाजूची काही मिलिमीटरची उभी पट्टी, टोकापासून मुळापर्यंत. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भुलीचं इंजेक्शन देतात. खरं दुखतं ते एवढंच: चरचरतं, आणि औषध आत जाताना बोट आतून ताणल्यासारखं वाटतं. थोड्या वेळात बोट बधिर होतं. रक्त येऊ नये म्हणून बुडाशी घट्ट रबर बांधतात. मग ओढणं, ढकलणं जाणवतं, पण दुखत नाही. मी माझी पट्टी डॉक्टरांकडून मागून घेऊन पाहिली. वरून दिसणाऱ्या नखापेक्षा ती बरीच लांब होती, कारण तिचा मागचा भाग कातडीखाली दडलेला होता. मुळाकडचं टोक पांढुरकं आणि मऊ होतं, आणि कडेला माशाच्या गळासारखं वळलेलं ते कुसळ! इतकुश्या गोष्टीनं चालणं मुश्कील केलं होतं.

पट्टी निघाल्यावर तेवढ्या मुळाला बोळ्यानं तीव्र फिनॉल लावतात. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जननं १८६५ मध्ये जखमा निर्जंतुक करायला वापरलेलं कार्बोलिक ॲसिड ते हेच. त्यानं मुळाचा तेवढाच भाग जळतो आणि त्या कडेनं नख पुन्हा उगवत नाही. नुसती पट्टी काढली तर दुखणं परत येण्याची शक्यता बरीच जास्त असते. तुझा अंगठा इतक्यांदा चिघळलाय, तेव्हा ‘फिनॉल लावणार ना?’ हे डॉक्टरांना आवर्जून विचार. नख कायमचं जरा अरुंद होतं, पण त्यानं काही अडत नाही.

येताना गाडी स्वतः चालवू नकोस, अंगठा बधिर असतो. भूल उतरली की पहिल्या रात्री ठसठसेल. पाय उशांवर उंच ठेव आणि सांगितलेली वेदनाशामक गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधीच घे. पहिलं ड्रेसिंग चिकटलेलं असतं. ओढू नकोस, कोमट पाण्यात भिजू दे, आपोआप सुटतं. त्यानंतर रोज धुणं, पेट्रोलियम जेलीचा हलका थर आणि न चिकटणारी पट्टी. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नकोस, त्यानं नवी कातडीही दुखावते.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो पिवळसर स्राव. फिनॉलची जखम म्हणजे भाजल्याचीच जखम, ती दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त, पाझरत राहते. हे कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस हादरतो आणि उगाच पुन्हा अँटिबायोटिक सुरू करतो. पाहायचं ते हे, की दुखणं दिवसेंदिवस कमी होतंय ना. दुखणं वाढत चाललं, लाली पावलाकडे पसरू लागली किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दाखव.

चालणं एक-दोन दिवसांत जमतं, पुढून उघड्या चपलेत. धावायला निदान दोन आठवडे तरी थांब. तुझे ते निमुळते जोडे कुणाला तरी देऊन टाक, आणि नवे घेशील ते संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडून. नखं आंघोळीनंतर, सरळ रेषेत काप. कोपरे मांसाच्या किंचित बाहेर दिसले पाहिजेत. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात. तेव्हा दुसऱ्या पायाचा जो कोपरा तू खोल कापून ठेवला आहेस, तोही बाहेर येईपर्यंत वात घालून जप.

याच आठवड्यात वेळ घे. त्या दिवशी घरी सोडायला कुणी नसेल तर मला सांग, मी येतो. पहिलं ड्रेसिंगही आपण मिळून सोडवू.

तुझा,
श्रीधर