लस गावात, ओटीपी शहरात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरोना लसीकरणाच्या 'कोविन' पोर्टलची आरती ओवाळणारा कालच्या अंकातला लेख वाचला. 21 ऑक्टोबर 2021 ला 100 कोटी डोस झाले, मान्य. पण त्याच वर्षीचा मे महिना लेखकमहाशय सोयीस्कर विसरले!

1 मेपासून लस 18 ते 44 वयोगटाला खुली झाली, पण फक्त ऑनलाइन नोंदणी करणाऱ्यांना. आमच्या शेजारचा पोरगा मार्केटात टोमॅटोचे क्रेट उचलतो. फोन बटणांचा. त्याची नोंद मी माझ्या नंबरावर केली. स्लॉट कधी उघडणार, कुणालाच ठाऊक नाही. सहा दिवस फोन पुढ्यात घेऊन बसलो. चष्मा पुसून पिनकोड टाकेपर्यंत सगळं 'बुक्ड'.

सातव्या दिवशी दोघं सरळ ग्रामीण रुग्णालयात निघालो. फाट्यावर एक पांढरी गाडी थांबली, एमएच 12, म्हणजे पुणे शहरातली. काच खाली झाली. "काका, लसीचं सेंटर कुठंय?" मीच हात करून रस्ता दाखवला. आम्ही पायी पोचलो तेव्हा मंडळी टोचून घेऊन लिंबाखाली डब्यातले पोहे खात होती. आम्हालाही विचारलं, खोटं कशाला बोलू! नर्सबाई म्हणाल्या, "स्लॉट बुक नाही तर मी काय करू?" त्यांचंही बरोबरच.

सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा द्यायला 24 मे उजाडला. तोवर आपल्या राज्यात या वयाचं लसीकरणच लस नाही म्हणून थांबवलेलं. मुहूर्त छान साधला.

मी शिक्षक होतो. पल्स पोलिओची ड्युटी वर्षानुवर्षं केली. खांद्याला बर्फाची पेटी लावून ऊसतोडीच्या कोप्यांवर, वीटभट्ट्यांवर जायचो, दोन थेंब पाजायचे, डाव्या करंगळीला शाई लावायची, झालं. 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आम्ही एकाही आईला ओटीपी विचारला नव्हता. हे करणारे लोक, या पेट्या 2021 मध्येही होत्याच की!

पोराला पहिला डोस ऑगस्टात मिळाला. प्रमाणपत्र अजून माझ्याच फोनमध्ये आहे. त्यावर फोटोही आहे, अर्थात त्याचा नाही.

आणि हो, हे पत्र छापलंत तर पूर्ण छापा. मागच्या खेपेला आमच्या पुलाबद्दलच्या पत्रातून तुम्ही नेमका पूलच कापला होता.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. पुणे