गाठ काढली, पण भोक कशाने बुजवले?

संपादक महोदय,

मेंदूच्या तळाची गाठ दुर्बिणीतून, नाकावाटे, चेहऱ्यावर एकही छेद न घेता काढल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून ठळकपणे येतात. त्यांत गाठीचा आकार असतो, शस्त्रक्रियेला लागलेले तास असतात. कवटीच्या तळाला पडलेले भोक कशाने बुजवले, हे मात्र सहसा नसते. वास्तविक रुग्णाचे पुढचे आठवडे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असतात, कारण ते भोक नीट मिटले नाही तर मेंदूभोवतीचे पाणी नाकात झिरपते आणि नाकातले जंतू त्याच वाटेने वर जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो.

लहान भोकाला मांडीतून घेतलेले पातळ आवरण किंवा चरबी पुरते. भोक मोठे असेल, त्यातही पुढे रेडिएशन द्यायचे असेल, तर स्वतःचा रक्तपुरवठा असलेला जिवंत पदर, म्हणजे फ्लॅप, लागतो. अर्जेंटिनातील हादाद व बासागास्तेगी यांनी सहकाऱ्यांसह २००६ साली नाकाच्या पडद्याचे अस्तर धमनीसकट उचलून फिरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तोवर नित्याची असलेली गळती बरीच आटोक्यात आली. हा फ्लॅप बहुधा सुरुवातीलाच उचलून बाजूला ठेवावा लागतो. आधी हाड कोरायला घेतले तर त्याची धमनीच कापली जाण्याची भीती असते.

परंतु कर्करोग पडद्यातच पसरला असेल, किंवा आधीच्या शस्त्रक्रियेत पडदा गेला असेल, तेव्हा कपाळ, कानशील किंवा गाल यांच्याकडे वळावे लागते. दात आवळून जबड्याच्या खालच्या कडेवर, टणक होणाऱ्या स्नायूच्या किंचित पुढे बोट ठेवले की चेहऱ्याच्या धमनीचा ठोका लागतो. तिच्यावर पोसलेला गालाच्या आतला पदर वरच्या जबड्याच्या हाडातून वाट करून कवटीच्या तळापर्यंत नेता येतो. मानेच्या जुन्या शस्त्रक्रियेत हीच धमनी बांधलेली असेल, तर तोही मार्ग खुंटतो. शिवाय कानशिलाचा पदर घेताना भुवई उचलणाऱ्या नसेला, तर गालाचा घेताना ओठ हलवणाऱ्या नसांना धोका असतो, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाला कळायला हवे.

म्हणून रुग्णांनी ‘गाठ पूर्ण निघेल का?’ या प्रश्नाबरोबरच ‘भोक कशाने बुजवणार, आणि तो फ्लॅप मिळाला नाही तर काय?’ हेही विचारावे. शस्त्रक्रियेनंतर वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब पडला, तर सर्दी समजून नाक न शिंकरता त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना कळवावे.

आपला,
एक कान-नाक-घसा शल्यचिकित्सक