एक विमान म्हणजे दहा माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी हवाई दलावर आलेला लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रे सुंदर आहेत. वेग, पल्ला आणि इंजिनाच्या ताकदीचे तक्तेही मेहनतीने केले आहेत. पण लेखाच्या शेवटी असे म्हटले आहे की, अमेरिकेतल्या टस्कीगी इथे शिकलेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांनी ज्यांना संरक्षण दिले, त्या बॉम्बफेकी विमानांपैकी एकही शत्रूला पाडता आले नाही. हे खरे नाही. ते दुरुस्त व्हावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही समजूत युद्धाच्या काळापासूनच चालत आली आहे. पुढे अमेरिकी हवाई दलाच्याच इतिहासकारांनी त्या काळातले अहवाल एकेक करून तपासले. या वैमानिकांचा 332 वा फायटर ग्रुप, म्हणजे लढाऊ विमानांचा गट, इटलीतून उडत असे. त्याच्या संरक्षणात असताना शत्रूच्या विमानांनी 27 बॉम्बफेकी विमाने पाडल्याचे त्या तपासात निघाले. त्याच भागात हेच काम करणाऱ्या इतर ग्रुपची सरासरी 46 होती. म्हणजे त्यांचे काम उजवे होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्या देशासाठी लढायचे, त्याच देशाच्या लष्करात त्यांची तुकडी वेगळी, पंगत वेगळी आणि क्लबही वेगळा होता. हे सोसून ही मुले शेपटी लाल रंगवलेली मस्टँग ही लढाऊ विमाने घेऊन बर्लिनपर्यंत जाऊन आली. त्यांच्या मोठेपणाला खोट्या शून्याचा टेकू कशाला हवा?

मला जास्त लागले ते वेगळ्याच कारणाने. 27 विमाने म्हणजे 270 च्या आसपास माणसे. काही पॅराशूटने उतरून कैदेत गेली असतील, बाकीची गेलीच. आपण "एकही नाही" असे छापतो, तेव्हा ही माणसे हिशेबातूनच उडतात.

मी भारतीय हवाई दलात वीस वर्षे एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. मी उडालो नाही, पण उडणाऱ्यांना शिडी लावून दिली. विमान धावपट्टी सोडून गेले की आमच्या हाताला काम नसे. मग चाकांना अडसर लावायचे ठोकळे, म्हणजे चॉक, पायाशी ठेवून आम्ही बसायचो. बोलणे चालू असायचे, कान मात्र वर लागलेले. वेळ टळून पाच मिनिटे झाली की बोलणे आपोआप थांबायचे. ते शांततेचे दिवस होते, तरी ही अवस्था. म्हणून 1943 साली पूर्व इंग्लंडमधल्या अमेरिकी तळांवर संध्याकाळी आकाशाकडे बघत विमाने मोजणाऱ्या मेकॅनिकांचे वर्णन मी वाचतो, तेव्हा पुढचे पान लवकर उलटत नाही. येणारे विमान लाल फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा दारूचा उजेड, सोडत असेल, तर आत जखमी आहे असे समजायचे. त्याला आधी उतरू द्यायचे आणि रुग्णवाहिका त्याच्यामागे धावायची.

मुलगा केंब्रिजला नोकरीला असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी तीन महिने तिकडे राहणे झाले. जवळच डक्सफर्डच्या विमान संग्रहालयात बी-17 हे त्या काळचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान उभे आहे. बाकीचे लोक त्याचे पंख बघत होते, मी पत्रा बघत होतो. आमच्या कामाची ती सवयच. इतका पातळ पत्रा की जोर लावून स्क्रूड्रायव्हर मारला तर आरपार जाईल. त्याच्या आत दहा जण: दोन वैमानिक, वाट काढणारा नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा बॉम्बार्डियर, इंजिनिअर, रेडिओवाला आणि तोफची. विमानाच्या पोटाखाली काचा बसवलेला धातूचा गोळा असतो. त्यात एक तोफची गुडघे छातीशी घेऊन तासन्‌तास अडकून बसे. आत पॅराशूट ठेवण्याइतकी जागा नसे. त्या गोळ्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. नातू हात ओढू लागला तेव्हा पुढे निघालो.

आपल्या लेखात थंडीचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो. पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस अंश म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगावे लागेल. बी-17 च्या मधल्या तोफचींच्या खिडक्या सुरुवातीच्या काळात उघड्या असत. वारा सरळ आत. बंदूक अडकली आणि घाईत हातमोजा काढला, तर कातडी धातूला चिकटून निघे. विजेच्या तारा घातलेले गरम कपडे दिले होते, पण ते मध्येच बंद पडत. श्वासातली वाफ ऑक्सिजनच्या नळीत गोठून नळी तुंबली तर माणसाला पत्ताही लागत नसे. त्याला बरे वाटत असे, थोडी झिंग चढल्यासारखे, आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध पडे. म्हणून ठरावीक वेळाने इंटरकॉमवर प्रत्येकाने आवाज द्यायचा. कोणी आवाज दिला नाही, तर शेजारच्याने ऑक्सिजनची छोटी बाटली गळ्यात अडकवून बघायला जायचे.

लक्ष्य जवळ आले की आणखी एक परीक्षा असे. बॉम्ब नेमका पडावा म्हणून शेवटची काही मिनिटे विमान एका रेषेत, एका उंचीवर ठेवावे लागे. खाली विमानवेधी तोफा पेटलेल्या, पण वळायचे नाही, खाली यायचे नाही, शेजाऱ्याची जागा सोडायची नाही.

आकडे द्यायचेच तर हेही द्यावेत. 14 ऑक्टोबर 1943 रोजी जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावाच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवर 291 विमाने निघाली. त्यांतली 60 परत आली नाहीत. एका दुपारी सहाशे माणसे. त्याआधी चारच दिवस जर्मनीतल्याच म्युन्स्टर शहरावर मोहीम झाली होती. रविवार होता आणि लक्ष्य शहराच्या मध्यभागी होते. ते ऐकून ब्रीफिंगमध्येच काही जण अस्वस्थ झाले, कारण खाली घरे होती, चर्चमधून बाहेर पडणारी माणसे होती. तरी ते गेले. हे दोन्ही लिहायला हवे असे मला वाटते. जमिनीवर मेलेल्यांची आठवण काढली म्हणून वर मेलेल्यांचा मान कमी होत नाही. त्या दिवशी 100 व्या बॉम्ब ग्रुपची तेरा विमाने म्युन्स्टरवर होती. तळावर एकच परतले, तेही दोन इंजिने बंद पडलेले. ते चालवणारा रॉबर्ट रोझेन्थाल पेशाने वकील होता आणि ही त्याची तिसरीच मोहीम होती. त्या रात्री झोपायच्या बराकीत बारा विमानांच्या माणसांच्या खाटा रिकाम्या होत्या.

तेव्हा 25 मोहिमा पुऱ्या झाल्या की घरी पाठवत. 1943 मध्ये तिथवर पोचणारा चारांत एखादाच, हे प्रत्येकाला ठाऊक होते. मोहिमेच्या दिवशी पहाटे न्याहारीला खरी अंडी मिळत, एरवी पावडरची. त्यामुळे ताटात खरे अंडे दिसले की पोटात गोळा येई, असे त्यांतल्या कित्येकांनी सांगून ठेवले आहे. इंग्लंडहून उडणाऱ्या एकट्या आठव्या हवाई दलाची 26 हजार माणसे युद्धात गेली. विशी-बाविशीची मुले.

मस्टँगने चित्र पालटले, हे आपल्या लेखात आले आहे आणि ते बरोबर आहे. त्याआधीची लढाऊ विमाने इंधन संपत आले की जर्मनीच्या सीमेजवळून मागे फिरत. इथून पुढे एकटे, हे बॉम्बफेकी विमानातल्यांना रोज डोळ्यांनी दिसे. मस्टँगमध्ये मात्र सीटमागे जादा टाकी बसवली होती. ती भरलेली असताना विमान शेपटीला जड होई आणि वळणावर दगा देई. वैमानिक आधी तेच इंधन जाळायचा. पंखाखालच्या टाक्यांपैकी काही तर दाबलेल्या कागदाच्या होत्या, वापरून टाकून द्यायच्या. एकच इंजिन, एकच माणूस, सहा-सात तास एकाच जागी बसलेला, खाली उत्तर समुद्राचे थंड पाणी. ते इंजिन खोकले तर त्याने काय करायचे? बॉम्बफेकी विमानातले त्यांना 'लिटल फ्रेंड्स' म्हणत. ती ठिपक्यांसारखी विमाने दिसली की जिवात जीव यायचा.

केंब्रिजमध्ये 'ईगल' नावाचा जुना पब आहे. युद्धात तिथे येणाऱ्या वैमानिकांनी मेणबत्तीच्या आणि लायटरच्या ज्योतीने छतावर आपली नावे, तुकड्यांचे आकडे उमटवले. ती अजून आहेत. गावाबाहेर मॅडिंग्ली इथे अमेरिकी दफनभूमी आहे. तिथल्या लांबलचक भिंतीवर, ज्यांचे काहीच सापडले नाही अशा 5,100 हून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. छतावरचे कुठले नाव भिंतीवर आहे, हे शोधायला मला वेळ मिळाला नाही.

हा विषय आपल्यापासून फार लांबचाही नाही. आसामात चबुआच्या तळावर माझी बदली झाली होती. तो तळ महायुद्धात अमेरिकी विमानांनी गजबजलेला असे. 25 जानेवारी 1944 रोजी चीनमधल्या कुनमिंगहून चबुआकडे निघालेले 'हॉट अ‍ॅज हेल' हे बी-24 जातीचे बॉम्बफेकी विमान पोचलेच नाही. आत आठ जण होते. 2006 साली त्याचे अवशेष अरुणाचलच्या डोंगरात सापडले आणि 2016 च्या एप्रिलमध्ये तिथे मिळालेल्या अस्थी दिल्लीहून सन्मानाने अमेरिकेला गेल्या. ज्या धावपट्टीकडे डोळे लावून ते आठ जण निघाले होते, त्याच धावपट्टीच्या कडेला चॉक घेऊन मी तीन वर्षे बसलो. तेव्हा मला यातले काही माहीत नव्हते.

दुरुस्ती छापताना कृपया 27 हा आकडा छापावा आणि त्याच्यापुढे प्रत्येक विमानात दहा जण होते, एवढे जोडावे.

आपला नम्र,
एक निवृत्त वायुसैनिक
जि. सातारा