ग्लासगोच्या मंचावर आधी खेळाडू उभे करा : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सोहळे, पाहुण्या कलाकारांचं मानधन आणि मैदानांची देखभाल

महोदय,
स. न. वि. वि.

येत्या २ ऑगस्ट २०२६ ला ग्लासगोत राष्ट्रकुल स्पर्धेचा समारोप होईल आणि प्रथेप्रमाणे ध्वज पुढच्या यजमानाच्या, म्हणजे २०३० ची स्पर्धा अहमदाबादला घेणाऱ्या आपल्या देशाच्या हाती येईल. अशा वेळी पुढच्या यजमानाला स्वतःची ओळख करून द्यायला काही मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत मंचावर कोण असेल, त्याला किती पैसे मिळतील आणि ते कुणाच्या खिशातून जातील, हे सगळं आत्ताच कुठल्या तरी बैठकीत ठरत असणार. एकदा ठरलं की पत्र लिहून काही होत नाही, म्हणून आज लिहितो आहे.

मी तालुक्याच्या गावी शाळेत पीटी शिकवतो. बावीस वर्षं झाली. पहाटे मैदानावर फक्की मारायची, मुलांना पळवायचं, कबड्डीचा संघ बांधायचा आणि दर पावसाळ्यात मैदानात साठलेलं पाणी बादल्यांनी उपसायचं, हे माझं काम. दिल्ली-अहमदाबादच्या कोट्यवधींच्या हिशेबात मी का पडावं, असं आपल्याला वाटेल. त्याचं कारण सांगतो.

करोनाच्या आधीच्या वर्षी आमच्याकडे शालेय कबड्डीची मोठी स्पर्धा झाली. उद्घाटनाला मालिकेतला एक प्रसिद्ध चेहरा बोलावला होता. कार्यक्रम सकाळी नऊचा. वजन ठरलेल्या मर्यादेत बसावं म्हणून मुली आदल्या रात्रीपासून नीट जेवल्या नव्हत्या. वजनं झाली आणि लगेच त्यांना संचलनाच्या रांगेत उभं केलं. पाहुणे पावणेएकला आले. तोवर मुली उन्हात होत्या, हातात आपापल्या जिल्ह्याच्या पाट्या. मग गाडीतून उतरलेला सगळा ताफा बूट-चपलांसह मॅटवर चढला, कारण फोटो तिथंच चांगला येत होता. ज्या मॅटवर आम्ही मुलींना अनवाणीसुद्धा पाय पुसून चढायला लावतो, तिच्यावर चिखलाचे ठसे उमटले. पाहुणे वीस मिनिटांत गेले. माझी सातवीतली रेडर पहिल्याच चढाईला चक्कर येऊन बसली. महिनाभराने मुलींच्या प्रवासभत्त्याची चौकशी केली, तर तरतूद संपल्याचं उत्तर मिळालं. पाहुण्यांचं मानधन किती होतं, हे आजपर्यंत मला कुणी सांगितलेलं नाही.

एवढ्याशा स्पर्धेत मी जे पाहिलं, तेच पुढे मोठ्या आकड्यांत दिसत गेलं. मार्च २००६ मध्ये मेलबर्नच्या समारोपात आपण पुढचे यजमान म्हणून मंचावर आलो, तेव्हा ऐश्वर्या राय, राणी मुखर्जी, सैफ अली खान अशी मंडळी नाचली. कार्यक्रम देखणा होता, यात वाद नाही. पण त्या स्पर्धेत नेमबाजीत, वेटलिफ्टिंगमध्ये पदकं जिंकून देणारे आपलेच खेळाडू तेव्हा कुठे होते? जगाला आपली ओळख करून देताना आपल्याला त्यांची आठवण झाली नाही.

आणि दिल्लीतल्या २०१० च्या ज्या राष्ट्रकुल स्पर्धेचं आमंत्रण त्या नाचातून दिलं, तिचा हिशेब पुढे महालेखापरीक्षकांनी मांडला. ऑगस्ट २०११ मध्ये संसदेत आलेल्या अहवालानुसार २००३ च्या प्रस्तावात साधारण १,२०० कोटींचा अंदाज होता. प्रत्यक्षात केंद्र, दिल्ली सरकार आणि इतर यंत्रणा मिळून तो १८,५३२ कोटींवर गेला. विमानतळ आणि मेट्रोवरचा खर्च यात धरलेला नाही. स्पर्धा स्वतःचा खर्च स्वतः भागवेल, तिजोरीवर भार पडणार नाही, असं आयोजक सांगत राहिले, आणि या भरवशावर पैसे सुटत गेले. स्टेडियमवर तरंगणारा हेलियमचा एक प्रचंड फुगा होता, त्यावर सुमारे ४० कोटी खर्च झाल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. ४० कोटींत किती तालुक्यांची क्रीडा संकुलं उभी राहिली असती, हा हिशेब माझ्यासारखा माणूस मनात करतोच. पण त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळी आहे. दिल्ली सरकारने अनुसूचित जाती उपयोजनेतले सातशे कोटींहून अधिक रुपये या स्पर्धेच्या कामांकडे वळवले होते, आणि हे चुकलं, असं खुद्द तत्कालीन गृहमंत्र्यांना राज्यसभेत मान्य करावं लागलं. सोहळ्याला पैसे कमी पडले की ते कुठून काढले जातात, हे आमच्या मुलींच्या प्रवासभत्त्यापासून दिल्लीपर्यंत सारखंच आहे.

त्या स्पर्धेच्या आयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे खासदार होते, त्यामुळे महाराष्ट्रात हा विषय निघाला की चर्चा लगेच घोटाळा आणि खटले याकडे जाते. मला तिकडे जायचं नाही. घोटाळा झाला असो वा नसो, मानधनाचे आणि सोहळ्याचे आकडे लोकांना आधी माहीत नव्हते, नंतरच कळले. तक्रार एवढीच आहे, आणि ती २०३० ला टाळता येण्यासारखी आहे.

दिल्लीचं जे चांगलं झालं तेही लिहितो. ३ ऑक्टोबर २०१० चा उद्घाटनसोहळा खरोखर सुंदर झाला. पण त्यातलं लोकांच्या ध्यानात काय राहिलं? सात वर्षांचा एक मुलगा, मांडी घालून, कुरळे केस उडवत तबला वाजवणारा. माणसांनीच बनलेली ती आगगाडी. यात कुठलाच सिनेतारा नव्हता. आणि मैदानात? आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत दहा हजार मीटरला केनियाच्या दोघींच्या मागे तिसरी आली. थाळीफेकीत कृष्णा पुनिया, हरवंत कौर आणि सीमा अंतिल यांनी तिन्ही पदकं घेतली. मिल्खा सिंग यांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर ट्रॅक अँड फील्डमध्ये पुन्हा सुवर्ण यायला बावन्न वर्षं लागली होती. १०१ पदकं आली. कविताची ती शर्यत मी आजही मुलांना तोंडी सांगतो, प्रत्येक फेरीसकट. आदिवासी पाड्यावरची मुलगी भरलेल्या स्टेडियममध्ये धावते आहे, हे ऐकताना माझ्या मुलींचे डोळे जसे होतात, तसे कुठल्या नटाच्या नावाने होत नाहीत.

मोठी नावं नसली तर प्रायोजक येत नाहीत, टीव्हीवर कुणी बघत नाही, असं अधिकारी आपल्याला सांगतील. यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण मोठ्या नावाभोवती काय होतं हे आपण नुकतंच पाहिलं. १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मेस्सी आला. हजारो रुपयांचं तिकीट काढून आलेल्या लोकांना तो धड दिसलाही नाही, कारण त्याच्याभोवती पुढारी, अधिकारी आणि सेल्फीवाल्यांचं कडं होतं. तो लवकरच निघून गेला आणि लोकांनी खुर्च्या फेकल्या. मुख्यमंत्र्यांना माफी मागावी लागली. दुसऱ्या दिवशी आमच्या वानखेडेवर तोच मेस्सी होता, पण तिथे राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’ या फुटबॉल योजनेतली लहान मुलं-मुली मैदानात होती, आणि दिवस नीट पार पडला. तो दौरा खासगी होता, यजमान देशाचा नव्हता, हे मला कळतं. तरी पाहुण्याभोवती कोण असावं, याचं उत्तर त्या दोन दिवसांत मिळालं आहे. ग्लासगोचंच २०१४ चं उदाहरण घ्या. उद्घाटनात गायक, नट सगळे होते, पण त्याच कार्यक्रमात प्रेक्षकांना मुलांसाठी युनिसेफला देणगी द्यायचं आवाहन केलं गेलं आणि लोकांनी भरभरून दिली. नावाजलेल्या माणसाचा उपयोग असाही होतो.

आता या वेळची आपली बाजू बघा. २०३० ची स्पर्धा आपल्याला मिळाली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि शर्यतीत अखेरपर्यंत आपल्याशिवाय फक्त नायजेरियातलं अबुजा होतं. कॅनडातल्या अल्बर्टाने आधीच पाय मागे घेतला होता. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ चं यजमानपद एप्रिल २०२२ मध्ये घेतलं आणि जुलै २०२३ मध्ये सोडून दिलं. २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज सहा-सात अब्जांवर जाईल असं दिसताच त्यांनी ३८ कोटी डॉलरची भरपाई दिली आणि मोकळे झाले. मग ग्लासगोने हात पुढे केला तो अटी घालून : दहाच खेळ, आहेत ती चार मैदानं, खेळाडूंसाठी नवं गाव नाही. त्या काटछाटीत कुस्ती गेली, बॅडमिंटन गेलं, हॉकी गेली, याचं मला फार वाईट वाटतं. बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये आपल्या ६१ पदकांपैकी १२ कुस्तीची होती. पण एक गोष्ट ग्लासगोने दाखवून दिली : ज्या स्पर्धेला यजमान मिळत नाहीत, तिथे यजमान अटी घालू शकतो. मग आपण का घालू नयेत? आपण खेळ कापू नका, सोहळा कापा. कुस्तीची मॅट ठेवा आणि फटाक्यांची दहा मिनिटं कमी करा.

मला हे लिहिताना बालेवाडी आठवते. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ते संकुल झालं, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेसाठी वाढवलं. त्यावरही तेव्हा खूप टीका झाली होती. पण तिथे क्रीडा प्रबोधिनीची मुलं राहतात, सराव करतात, म्हणून तिथले दिवे रोज लागतात. राज्याच्या याच प्रबोधिनी योजनेतून घडलेल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य आणलं. उलट दिल्लीचं नेहरू स्टेडियम २०१० साठी शेकडो कोटी ओतून नवं केलं, आणि पंधरा वर्षांत ते पाडून तिथे क्रीडानगरी करायचा विचार पुढे आला. मैदान टिकतं ते तिथे राहणाऱ्या मुलांमुळे. तिथे कोण नाचून गेलं, त्याने काही टिकत नाही.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. सोहळे आणि पाहुण्या कलाकारांचं मानधन यांचं स्वतंत्र लेखाशीर्ष करा, त्याची कमाल मर्यादा आजच जाहीर करा आणि प्रत्येक करार सही झाल्यापासून महिन्याभरात रकमेसह संकेतस्थळावर टाका. कलाक्षेत्रात ज्याला सुपारी म्हणतात, ती सरकारी पैशातून जात असेल तर आकडा लोकांना कळला पाहिजे. प्रायोजकाच्या पैशातून जात असेल तर तसं लिहा. २०३० ची आयोजन समिती पहिल्या दिवसापासून माहितीच्या अधिकाराखाली आणा. २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्यात सरकारी मदत न घेणाऱ्या संघटनांना त्यातून मोकळीक मिळाली आहे, ती वाट या समितीला मिळू नये. आणि सोहळ्यावर जेवढा रुपया, तेवढाच रुपया त्या मैदानांच्या पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी आधी बाजूला काढा. २०२५-२६ मध्ये अख्ख्या देशाच्या ‘खेलो इंडिया’ला १,००० कोटी होते. त्याच्या शेजारी ठेवून सोहळ्याचा आकडा बघितला, की किती जास्त आणि किती पुरे ते आपोआप कळेल. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी आपण इरादापत्र दिलंच आहे. तिथले आकडे याच्या कितीतरी पट असतील, त्यामुळे सवय आत्ताच लागलेली बरी.

आणि ग्लासगोच्या त्या काही मिनिटांसाठी एक सुचवतो. सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची पानटपरी. बर्मिंगहॅमला वेटलिफ्टिंगमध्ये कोपर दुखावलेलं असताना वजन उचलायला गेला आणि भारताचं पहिलं पदक घेऊन आला. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे, ज्याने तिथेच स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य घेऊन केनियाचं तिन्ही पदकांचं वर्षानुवर्षांचं राज्य मोडलं. कविता राऊत. मणिपूरच्या, हरियाणाच्या, केरळच्या अशाच कितीतरी. त्यांच्या हाती ध्वज द्या. गाणं हवंच तर त्यांच्यामागे गाणारे असू देत, मला त्याचं वावडं नाही.

त्या रात्री भारतात बहुधा मध्यरात्र उलटून गेली असेल. आमच्या वसतिगृहातल्या मुलींनी आत्तापासून परवानगी मागून ठेवली आहे, हॉलमध्ये पडदा लावून बघायची. मी हो म्हटलं आहे, फक्त सोमवारी पहाटे साडेपाचला मैदानावर यायच्या अटीवर. ध्वज कोण घेणार, असं त्यांनी मला विचारलं. अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
तालुक्यातला एक क्रीडाशिक्षक