रेसिडेन्सी कोठीचा इतिहास निदान फाटकावर तरी लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी आपल्या इंदूरच्या रेसिडेन्सी कोठीच्या नावावरून बरीच वादावादी झाली. कोणाचे नाव द्यावे, कोणाचे देऊ नये, यावर लोक हिरिरीने बोलले. मात्र ही वास्तू कशासाठी उभी राहिली आणि तिच्या आवारात काय काय घडले, याची विचारपूस करणारा माणूस मला क्वचितच भेटला. आपण मराठी मंडळी तर राजवाडा, होळकरांच्या छत्र्या (समाधी-स्मारके) आणि लालबाग महाल यांच्यापुढे सहसा जातच नाही. पाहुण्यांनाही तेवढेच दाखवतो. होळकरांचा कारभार राजवाड्यातून चालला हे खरे, पण १८१८ नंतर त्या कारभाराला कुठे मोकळीक द्यायची आणि कुठे लगाम खेचायचा, हे कान्ह नदीपलीकडच्या या कोठीत ठरत होते.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. अल्पवयीन मल्हारराव दुसरे यांच्या वतीने बोलणी केली ती तात्या जोग यांनी. तहानंतर राजधानी इंदूरला आली, दरबारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा कायमचा प्रतिनिधी, आला आणि त्याच्यासाठी १८२० च्या सुमारास ही कोठी बांधली गेली. १८५४ पासून मध्य भारत एजन्सीचे, म्हणजे इथल्या संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रजी कचेरीचे, मुख्य ठाणे इथेच होते. माळव्यापासून बुंदेलखंडापर्यंतच्या शंभरावर लहानमोठ्या संस्थानांचे खलिते या पत्त्यावर येत आणि संस्थानांचे वकील इथे खेपा घालत.

दोन्ही इमारतींची बांधणीच बरेच काही सांगते. राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. त्याचा भव्य दरवाजा थेट चौकात, भर बाजाराच्या तोंडावर उघडतो. कोठी दगडी आणि दुमजली. ती मुद्दाम शहरापासून दूर, ऐसपैस बागेच्या मधोमध ठेवलेली. फाटकापासून घरापर्यंत पोहोचेपर्यंतच भेटायला येणाऱ्याला आपली पायरी कळावी, अशी ती मांडणी. जाड भिंती, उंच छत, ऊन भिंतीवर येऊ न देणारी रुंद ओसरी आणि वारा खेळावा म्हणून भरपूर दारे-खिडक्या, ही त्या काळच्या इंग्रजी बंगल्यांची रीत माळव्याच्या उन्हाळ्याला मानवणारी होती. हळूहळू भोवती छावणी वसली, बाजार आला, गिरजाघर झाले, पुढे राजपुत्रांसाठी डेली कॉलेज निघाले. या हद्दीत होळकरांचा कायदा चालत नसे. त्यांच्याच राजधानीला खेटून इंग्रजांची वेगळी वस्ती उभी होती. आज छावणीत भाजी-किराणा घेताना हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

हवेसाठी ठेवलेला तो मोकळेपणा १ जुलै १८५७ रोजी इंग्रजांना नडला. या एजन्सीचे कायमचे प्रमुख, एजंट हॅमिल्टन, रजेवर विलायतेला गेले होते आणि त्यांच्या जागी कर्नल ड्युरँड काम पाहत होते. त्या दिवशी सकाळी सआदत खान यांच्या पुढाकाराने होळकरांच्या फौजेतल्या शिपायांनी तोफांची तोंडे कोठीकडे वळवली. चहूकडून उघडे असलेले हे घर लढवायचे तरी कसे? इंग्रज अधिकारी कर्नल ट्रॅव्हर्स यांनी अवघे पाच स्वार घेऊन तोफांवर धाव घेतली आणि गोलंदाजांना क्षणभर मागे रेटले, म्हणून पळ काढणाऱ्यांना वेळ मिळाला. काही तासांतच ड्युरँड बायकामुलांना घेऊन सिहोरच्या वाटेला लागले. पाठीमागे खजिना लुटला गेला. ट्रॅव्हर्स यांना त्या हल्ल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सआदत खान बरीच वर्षे लपतछपत फिरले, अखेर १८७४ मध्ये पकडले गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला याच रेसिडेन्सीत त्यांना फाशी दिली गेली. मधल्या काळात, १० फेब्रुवारी १८५८ रोजी, अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांनाही इंदुरातच फासावर चढवले गेले. आज त्या जागी महाराजा यशवंतराव रुग्णालयाचे आवार आहे.

त्या दिवसांत राजवाड्यात तुकोजीराव दुसरे होते, वय अवघे बावीस. कोठीतून आणि शहरातून जीव वाचवून आलेल्यांना त्यांनी आश्रय दिला आणि बंडवाल्यांनी मागणी करूनही त्यांना हवाली केले नाही. तरीही ड्युरँड यांच्या मनातला संशय शेवटपर्यंत गेला नाही. तरुण राजाच्या वाट्याला आलेला तो पेच मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोठा वाटतो. स्वतःचेच शिपाई एका बाजूला, शब्द दिलेले सरकार दुसऱ्या बाजूला आणि दाराशी शरण आलेली माणसे. हा पेच समजून घ्यायचा तर राजवाडा आणि कोठी दोन्ही पाहायला हव्यात.

पुढेही कोठीचे वजन कमी झाले नाही. १९०३ मध्ये शिवाजीराव होळकर गादीवरून उतरले. मुंबईचे व्यापारी बावला यांच्या खुनात इंदूर दरबारचे नाव आल्यानंतर १९२६ मध्ये चौकशीला सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पर्याय इंग्रज सरकारने पुढे ठेवला आणि तुकोजीराव तिसरे यांनी गादी सोडली. आपल्या घरांतून या गोष्टी कुजबुजीच्या स्वरात सांगितल्या गेल्या, पण त्यामागची यंत्रणा जिथून हलत होती ती इमारत मात्र कोणी मुलांना नेऊन दाखवली नाही.

आज कोठी सरकारी विश्रामगृह आहे. बडे पाहुणे उतरतात, बैठका होतात. तो वापर चालू राहावा, कारण राबत्या घराची डागडुजी होत राहते आणि बंद पडलेल्या वाड्यांचे काय होते हे या शहराने पुष्कळ पाहिले आहे. माझे मागणे त्याच्या आड येणारे नाही. पुढची मोठी दुरुस्ती हाती घेण्याआधी संपूर्ण इमारतीचे मोजमाप घेऊन नकाशे तयार व्हावेत आणि मूळ काम कोणते, मागाहून जोडलेले कोणते, याची नोंद व्हावी. जुने काम चुन्याचे असेल तिथे सिमेंटचा गिलावा मारू नये. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवते आणि मग वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून फुगत जाते.

फाटकावर हिंदी, मराठी आणि इंग्रजीत नीट वाचता येईल असा फलक लागावा आणि त्यावर सआदत खान, ट्रॅव्हर्स, ड्युरँड, तुकोजीराव सगळ्यांची नावे असावीत. दर वर्षी १ जुलैला तरी आवार शाळांना खुले करावे. खालची एखादी खोली नकाशे, जुनी छायाचित्रे आणि मोडी कागदांच्या प्रतींसाठी राखून ठेवता आली तर फारच उत्तम. मोडी वाचणारी ज्येष्ठ मंडळी इंदुरात अजून आहेत. कोठीशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या नकला ज्यांच्या घरच्या दप्तरात असतील, त्यांनी त्या या खोलीसाठी द्याव्यात. प्रशासनाने जागा देण्याची तयारी दाखवली, तर आपल्या मराठी संस्थांनी कागद गोळा करण्याचे आणि वाचून घेण्याचे काम अंगावर घ्यावे, अशी माझी आपल्या पत्रामार्फत त्यांना विनंती आहे.

आपली,
एक वाचक
रामबाग, इंदूर