रबाळ्याच्या भंगारवाल्या दादांना, मनापासून

दादा, सप्रेम नमस्कार.

"माझं नाव-बिव कुठे घालू नका, ताई," असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. जुनी इलेक्ट्रॉनिक मोजमापाची यंत्रं जमवून ती पुन्हा चालती करण्याचा मला छंद आहे. ठाण्याच्या माझ्या घरी लोक येतात, विजेचा तरंग पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या हिरव्या रेषेचे फोटो काढतात, माझं कौतुक करतात. ही यंत्रं माझ्या टेबलापर्यंत शाबूत पोचवली कोणी, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर या पत्रात देते आहे.

भंगाराच्या वखारीत लॉट उतरला की पहिल्या तासाभरातच यंत्राचा निकाल लागतो. वायर छाटायची, कारण त्यात तांबं. पत्रा उचकटायचा, कारण ॲल्युमिनियम. बोर्ड वेगळ्या गोणीत, कारण त्यांचा भाव वेगळा. ट्रान्सफॉर्मर फोडायचा, पुस्तकं रद्दीत. यात गैर काहीच नाही, या कामावर कितीतरी घरं चालतात. पण पन्नास वर्षं टिकलेलं यंत्र त्या एका तासात कायमचं संपतं. मग जगातला कुठलाही कारागीर ते परत उभं करू शकत नाही.

तुमच्याकडे तो तास थांबला. कसा थांबला ते मला नीट आठवतं. एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेचा माल आला होता आणि त्यात टेक्ट्रॉनिक्स ४६५ होता. १९७२ साली बाजारात आलेला, दोन चॅनेलचा, १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप. आपल्या काळात तो दुरुस्तीवाल्यांच्या गळ्यातला ताईत होता. तुमचा पोरगा पिक्चर ट्यूबची मान तोडायच्या तयारीत बसला होता, कारण टीव्हीच्या ट्यूबवर तांब्याची कॉइल निघते. मी म्हटलं, यात कॉइल नाहीच. टीव्हीत इलेक्ट्रॉनचा किरण वळवायला चुंबक लागतो, म्हणून मानेवर तांब्याचे वेढे असतात. ऑसिलोस्कोपच्या ट्यूबमध्ये काचेच्या आतच धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावरचा व्होल्टेज किरणाला वर-खाली, डावी-उजवीकडे ओढतो. मान तुटली की हवा आत शिरते, आतला चांदीसारखा डाग पांढरा पडतो आणि ट्यूब मेली.

तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत आणि पोराला एवढंच म्हणालात, "ठेव रे. फोडून काच मिळणार, दुसरं काय?" पैशाचा हिशोब होता तो, कबूल. पण तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत, आणि माझे आभार त्याच्या पुढच्या गोष्टींसाठी आहेत.

पुढच्या खेपेला आले तर यंत्राची वायर न कापता गुंडाळून ठेवलेली होती. त्याच्या पुढच्या वेळी सुटे झालेले नॉब पिशवीत घालून हँडलला बांधलेले. मी सांगितलं नव्हतं. जुन्या यंत्राचा एखादा नॉब हरवला तर तसाच दुसरा मिळवायला महिनोन् महिने जातात, हे तुम्हाला कोणी शिकवलं? ट्यूबभोवतीचं धातूचं आवरणसुद्धा तुम्ही कधी ठोकलं नाहीत. ते निकेल-लोखंडाच्या खास मिश्रधातूचं असतं, बाहेरचं चुंबकत्व अडवतं, आणि घण बसला तर त्याचा गुण जातो. मग तुमचे फोन यायला लागले. "ताई, गोल काचेचं एक आलंय, दोन डायल आहेत, बघता का?" लॉटमध्ये काय आहे ते न बघता पुढे विकून टाकणं तुम्हाला सोपं होतं.

सगळ्यात मोठं काम तुम्ही रद्दीत केलंत. त्या ४६५ चं सर्व्हिस मॅन्युअल रद्दीच्या ढिगात गेलं होतं, ते तुम्ही शोधून काढून माझ्या हातात ठेवलंत. त्या काळच्या मॅन्युअलमध्ये सगळं असायचं. पूर्ण सर्किट, घडीची मोठी पानं, कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट हवेत, तिथे तरंग कसा दिसायला हवा, आणि सर्किट असंच का केलं याचं स्पष्टीकरण. आजच्या यंत्रासोबत असं पुस्तक मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ते पुस्तक कसं कामाला आलं ते तुम्हाला सविस्तर सांगायचं राहून गेलं होतं. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र एकदम २३० व्होल्टला जोडायचं नसतं. वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर न वापरल्याने कमकुवत झालेला असतो, त्याला सावकाश व्होल्टेज देत पुन्हा बसवावं लागतं. म्हणून मी आधी सिरीजमध्ये शंभर वॉटचा दिवा लावला आणि व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट हळूहळू फिरवला. दिवा भक्कन पेटून मंदावला, म्हणजे मुख्य पुरवठ्यात शॉर्ट नव्हता. पण पडद्यावर काहीच नाही. मॅन्युअलमध्ये पाच पुरवठे दिलेत: ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट. एकेक मोजत गेले, तर १५ च्या जागी जवळपास शून्य. त्या वाटेवर टँटलमचा कपॅसिटर होता, चिंचोक्याएवढा, तोच आतून शॉर्ट झाला होता. इतक्या वर्षांनी असं कुणाच्याही यंत्रात होतं. नवा लावला आणि १५ व्होल्ट जागेवर आले.

रेषा आली, पण पडद्यावरच्या एका घराला किती वेळ हे ठरवणारा टाइम-पर-डिव्हिजनचा नॉब फिरवला की नाहीशी व्हायची. आत सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या असतात, नॉबबरोबर त्या बोर्डवर दाबल्या जातात आणि उचलल्या जातात. त्यांच्यावर स्प्रे मारायचा नाही, घासायचंही नाही, वाकल्या तर संपलं. कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, त्या धातूच्या पट्टीखाली सरकवायची, धातूची पट्टी त्यावर मिटू द्यायची आणि कागद अलगद ओढून घ्यायचा. कागदावर काळी रेघ उमटते. रेघ उमटेनाशी होईपर्यंत नवा कागद घेत राहायचं. शेवटी यंत्र स्वतःच तपासायला देतं त्या समोरच्या कॅलिब्रेटरच्या कडीला प्रोब, म्हणजे मोजायची वायर, अडकवला. तिथे १ किलोहर्ट्झचा, ३०० मिलिव्होल्टचा चौकोनी तरंग असतो. एका घराला ५० मिलिव्होल्ट धरून तो बरोबर सहा घरं उंच भरला. त्या रात्री तुम्हाला फोटो पाठवला होता आणि तुमचं उत्तर आलं होतं, "चालू झालं? लई भारी."

एचपीच्या, म्हणजे ह्यूलेट-पॅकार्डच्या, त्या तरंग तयार करणाऱ्या ऑसिलेटरबद्दलही सांगते. आतला दिवा काढू का असं तुम्ही फोनवर विचारलंत, बरं झालं विचारलंत. तो उजेडासाठी नाहीच. फिलामेंट तापलं की त्याचा रोध वाढतो आणि तरंगाची उंची आपोआप स्थिर राहते. बिल ह्यूलेट यांनी ही साधी युक्ती वापरून केलेलं २००ए हेच त्या कंपनीचं पहिलं उत्पादन, १९३९ साली कंपनी सुरू झाली ती त्याच्याच जोरावर. तुमच्याकडचं यंत्र त्याच घराण्यातलं, नंतरचं. दिवा अजून मूळचाच आहे.

आणि आपला ठाण्याचा माल! ॲप्लॅबचा तो जुना पॉवर सप्लाय, प्रभाकर देवधरांनी वागळे इस्टेटमध्ये उभ्या केलेल्या कंपनीचा. कुठल्या कुठल्या प्रयोगशाळा फिरून तो पुन्हा ठाण्यातच आला, माझ्याकडे. परदेशी नाव दिसलं की जमवणारे धावतात आणि आपल्याकडे बनलेली यंत्रं किलोवर जातात, हे मला पटत नाही. ॲप्लॅब, मोटवाने, सिस्ट्रॉनिक्स यांच्या यंत्रांवर इथल्या कॉलेजांतल्या कितीतरी पिढ्या मोजायला शिकल्या. तुम्ही ती वेगळी काढून ठेवता, याचं मोल माझ्या लेखी टेक्ट्रॉनिक्सपेक्षा कमी नाही. आज माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त तोच सप्लाय चालतो.

पैशाचंही बोलते, कारण तुम्ही बोलत नाही. अशा यंत्रांना काय किंमत मिळते हे आता तुम्हाला माहीत आहे. तरी काट्यावरच्या भावात थोडी भर घालून तुम्ही देता आणि म्हणता, "तुम्ही चालवणार ना, मग झालं." वर दहा-अकरा किलोचं धूड मला लोकलमध्ये चढवू देत नाही, तुमचा टेम्पो ठाण्याकडे येईल तेव्हा घरपोच करता. दादा, या उपकाराची परतफेड मला जमणारी नाही, आणि ते मान्य करायला मला संकोचही वाटत नाही.

हे पत्र दुसऱ्या कुणा भंगारवाल्यांच्या वाचनात आलं, किंवा जुनी प्रयोगशाळा रिकामी करणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या, तर दादांसारखं करा एवढीच विनंती: वायर कापू नका, ट्यूबची मान तोडू नका, पुस्तकं यंत्रासोबतच ठेवा.

दादा, तुम्ही परवा सांगितलेला तुर्भ्याचा लॉट उतरला की फोन करा. दोन विद्यार्थिनींना यंत्रं शिकायची आहेत, त्यांनाही घेऊन येते. पावसाच्या आधी झालं तर बरं, ओल लागली की ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतात. तोवर माल ताडपत्रीखाली असू द्या. आणि त्यात ४६५ चा लाल छोटा नॉब कुठे दिसला तर तेवढा बाजूला काढून ठेवा.

तुमची,
ठाण्याची ताई